कर्जाच्या पोटात लपलेला विमा

आमच्या कापडाच्या धंद्यातले एक उदाहरण घेऊ. गिऱ्हाईकाने शंभर थान मागितले. व्यापाऱ्याने गाठीत पाच थान जादा घातले, तेही पडून राहिलेल्या मालाचे, आणि बिलात त्यांची किंमत धरली. गिऱ्हाईक घाईत होते, त्याने बिल न वाचता सही केली. आता प्रश्न असा की, सही झाली म्हणून हा सौदा खरा झाला काय? मालेगावच्या बाजारात कोणत्याही जाणत्या माणसाला विचारा. तो म्हणेल, माल परत घ्या, पैसे परत द्या आणि पुन्हा असे करू नका. सही ही सौद्याची साक्ष आहे, फसवणुकीचा परवाना नव्हे.

जो न्याय कापडाला लागतो तो कर्जाला का लागू नये? आज वैयक्तिक कर्ज घेणाऱ्या असंख्य लोकांच्या कर्जाच्या पोटात एक विमा लपलेला असतो. तो त्यांनी मागितलेला नसतो, त्यांना तो समजावून सांगितलेला नसतो, आणि पुष्कळदा तो त्यांच्या कामाचाही नसतो. मात्र त्याची किंमत ते दरमहा हप्त्यातून व्याजासह भरत असतात. हे पैसे परत मागता येतात. तरीही आमचे लोक मागत नाहीत. का मागत नाहीत आणि कसे मागावेत, याबद्दल चार गोष्टी स्वतःच्या अनुभवावरून सांगाव्यात म्हणून हा लेख.

माझी स्वतःची गोष्ट

सन २०२३ च्या सुरुवातीस बालोत्र्याच्या एका पार्टीकडे माझे पैसे अडकले. इकडे सूतवाला आणि सायझिंगवाला दाराशी उभे. अशा वेळी माणूस काय करतो? एका खाजगी फायनान्स कंपनीचा तरुण मुलगा दुकानात आला. बोलायला गोड. दोन दिवसांत पाच लाख रुपये मिळतील म्हणाला, आणि खरोखरच मिळाले. मोबाईलवर नंबर येत गेले, मी ते त्याला सांगत गेलो. इंग्रजी कागदांवर जिथे जिथे त्याने बोट ठेवले तिथे तिथे सही केली. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी बाजारात शिकलो आणि आता बऱ्यापैकी लिहितोही, पण बारीक अक्षरातले इंग्रजी आजही मला जड जाते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. तेव्हा मात्र वाटली, आणि त्या लाजेपायीच मी त्याला "हा कागद कशाचा?" असे विचारले नाही.

चार महिन्यांनी माझ्या मुलाने कर्जाचा खातेउतारा काढला. तो बी.कॉम. झालेला आहे. म्हणाला, "अब्बा, तुम्ही पाच लाख घेतले, मग इथे पाच लाख अठ्ठावीस हजार कसे?" मी म्हटले, फाइल चार्ज असेल. तो म्हणाला, "फाइल चार्ज वेगळा लावलाय. हे अठ्ठावीस हजार त्याच दिवशी एका विमा कंपनीला गेलेत."

मग कागद शोधले. ईमेलमध्ये एक प्रमाणपत्र पडलेले होते. त्यात लिहिलेले की, मी मेलो तर विमा कंपनी उरलेले कर्ज फेडील, आणि माझी नोकरी गेली तर तीन हप्ते भरील. आता सांगा, मी कोणाची नोकरी करतो? मला नोकरीवरून काढणार कोण? तीस वर्षे स्वतःच्या गादीवर बसलेल्या माणसाला नोकरी जाण्याचा विमा विकला गेला होता!

पण खरी धक्का देणारी गोष्ट पुढेच होती. अर्जात आजाराचा रकाना होता आणि तिथे "मधुमेह नाही" असे भरलेले होते. मी अकरा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या घेतो. मला कोणी विचारलेच नाही, त्या मुलाने परस्पर खूण करून टाकली. म्हणजे उद्या मी गेलो असतो आणि माझ्या बायकोने विम्याचे पैसे मागितले असते, तर कंपनीने काय म्हटले असते? "तुमच्या पतीने आजार लपवला." पैसे तर गेलेच असते, वर मेलेल्या माणसाच्या कपाळी खोटेपणाचा डागही लागला असता.

हा विमा असतो तरी काय?

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. कर्जाला जोडलेला प्रत्येक विमा वाईट नसतो. घरात कमावणारा एकच असेल, कर्ज मोठे असेल, आणि त्याने विमा समजून-उमजून, आजार खरे सांगून, दुसरीकडचा भाव विचारून घेतला असेल, तर त्याच्यामागे त्याच्या मुलाबाळांवर कर्जाचा बोजा पडत नाही. तक्रार विम्याबद्दल नाही. तो ज्या रीतीने गळ्यात मारला जातो त्याबद्दल आहे.

ही रीत अशी. बँक किंवा फायनान्स कंपनी विमा कंपनीकडून एक सामूहिक पॉलिसी घेते आणि कर्जदारांना तिचे सभासद करते. त्यामुळे कर्जदाराच्या हाती पॉलिसी येत नाही, नुसते प्रमाणपत्र येते. अशा विम्यात बहुधा पूर्ण मुदतीचा प्रीमियम एकरकमी घेतला जातो. ही रक्कम कर्जदाराच्या खिशातून रोख घेतली तर तो दहा प्रश्न विचारील, म्हणून ती कर्जातच मिळवतात. विम्याची रक्कम सामान्यतः कर्ज फिटत जाईल तशी घटत जाते. आणि विमा विकल्याबद्दल कर्ज देणाऱ्या संस्थेला विमा कंपनीकडून मोबदला मिळतो. म्हणजे व्याज एकीकडून आणि कमिशन दुसरीकडून.

हिशेब करून पाहू. पाच लाखांचे कर्ज, चार वर्षांची मुदत, व्याज घटत्या बाकीवर सोळा टक्के. हप्ता येतो सुमारे १४,१७० रुपये. त्यात २८,००० रुपये प्रीमियम मिळवला की हप्ता होतो सुमारे १४,९६४ रुपये. फरक महिना ७९४ रुपये. माणूस म्हणतो, आठशे रुपयांचे काय एवढे! पण अठ्ठेचाळीस महिन्यांत ते ३८,००० च्या वर जातात. म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या विम्यावर दहा हजार व्याज. जो माल मागितला नाही तो उधारीवर घ्यायचा आणि उधारीचे व्याजही भरायचे, असा हा व्यवहार.

तुलनेसाठी सांगतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून दोन लाखांचा जीवन विमा मिळतो. त्यात वयाच्या पन्नाशीपर्यंत दाखल होता येते. सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. म्हणजे ज्याला विमा हवा आहे त्याने आधी बाजारात भाव विचारावा. सुताचे एक पोतेही आम्ही तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घेत नाही.

आणखी एक खुलासा. दुकानातील मालावर किंवा साच्यांवर कॅश क्रेडिट घेतले, तर बँक त्या मालाचा आगीचा विमा उतरवायला सांगते. ही अट वाजवी आहे, कारण तो माल बँकेकडे तारण असतो, आणि कारखाना जळाला तर तो विमा आपल्याही उपयोगी पडतो. पण विमा अमुकच कंपनीचा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. तसेच छोट्या उद्योगांच्या बिनतारण कर्जाला सरकारी हमी योजनेचे शुल्क लागते. ते शुल्क म्हणजे तुमचा विमा नव्हे. त्या हमीने बँक सुरक्षित होते, तुमचे कर्ज माफ होत नाही. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका.

विलायतेत काय घडले?

कोणी म्हणेल, बड्या बँकांपुढे आपले काय चालणार? त्यांच्यासाठी ब्रिटनचा इतिहास सांगतो. आमच्या कोकणातील अनेक मुसलमान कुटुंबे तिकडे स्थायिक आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांना पी.पी.आय. ही तीन अक्षरे ठाऊक असतील. कर्जाचे हप्ते सुरक्षित करणारा विमा असे त्याचे नाव होते. १९९० च्या दशकापासून पुढे तिथल्या बँकांनी वैयक्तिक कर्जे, क्रेडिट कार्डे आणि घरकर्जे यांच्यासोबत तो कोट्यवधी लोकांना विकला. त्यात स्वतःचा धंदा करणारे होते, पेन्शनर होते, आधीचे आजारी होते. आणि यांतल्या अनेकांना तो विमा कधी लागू पडणारच नव्हता. माझ्या "नोकरी जाण्याच्या विम्या"सारखाच प्रकार!

२००५ साली तिथल्या सिटिझन्स ॲडव्हाइस या नागरिकांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेने सरकारी यंत्रणेकडे रीतसर मोठी तक्रार केली. चौकशा झाल्या, दंड झाले. नियामकाने जुन्या तक्रारी नीट तपासून भरपाई देण्याचे नियम केले, तेव्हा बँकांच्या संघटनेने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. एप्रिल २०११ मध्ये कोर्टाने बँकांचे म्हणणे फेटाळले. मग पैशांचा दरवाजा उघडला. २९ ऑगस्ट २०१९ ही तक्रार करण्याची शेवटची तारीख ठरली, आणि सगळे मिळून सुमारे ३८ अब्ज पौंड ग्राहकांना परत गेले.

त्यातला एक खटला तर आम्हां व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एका विधवा बाईने २००६ साली ३४,००० पौंड कर्ज घेतले. त्यात ५,७८० पौंडांचा विमा मिळवला गेला. पुढे उघड झाले की, या प्रीमियममधील सुमारे ७२ टक्के रक्कम निव्वळ कमिशन होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एवढे मोठे कमिशन ग्राहकापासून लपवणे हाच अन्यायाचा व्यवहार आहे. दलाली घेणे गुन्हा नाही, पण शंभरातले बहात्तर रुपये दलालीत जात असतील तर गिऱ्हाईकाला ते कळलेच पाहिजे.

आणि हे पैसे परत कसे गेले? साध्या नोकरदारांनी, दुकानदारांनी, विधवांनी पत्रे लिहिली म्हणून. पहिल्या पत्राला बहुधा नकारच येई. जे तिथेच थांबले त्यांना काही मिळाले नाही. जे लोकपालाकडे गेले त्यांपैकी पुष्कळांना मिळाले. यातला धडा स्पष्ट आहे.

आमच्याकडे नियम काय आहेत?

आपल्याकडे अशी सार्वत्रिक परतफेड झालेली नाही, हे कबूल. पण नियम नाहीत असे मात्र नाही.

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढले. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी कर्जदाराला एक मुख्य माहितीपत्रक द्यावे लागते. बँकवाले त्याला के.एफ.एस. म्हणतात. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. त्यात व्याज, फी आणि विम्यासारखे तिसऱ्याला जाणारे पैसे हे सर्व धरून कर्जाचा खरा वार्षिक दर लिहिलेला असला पाहिजे. जो आकार त्यात लिहिलेला नाही तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जात विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. ते मिळत असताना त्या गोड बोलणाऱ्या मुलाच्या घाईत आपण का सापडावे?

आमच्या मोहल्ल्यातील भगिनी बचतगटासारख्या गटांतून छोटी कर्जे घेतात. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे मायक्रोफायनान्सचे निर्देश आहेत. त्यात कर्जाव्यतिरिक्त कोणतीही वस्तू अगर सेवा घेणे हे पूर्णपणे ऐच्छिक आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा "विमा नाही तर लोन नाही" असे कोणी म्हटले तर त्याला सांगा, "हेच वाक्य लिहून द्या." लिहून कोणी देत नाही. मलाही शाखेत "शेठ, ते कंपल्सरी आहे" असे सांगितले होते. लिहून मागितले तेव्हा साहेब चहा मागवू लागले!

विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत ती पसंत नसल्यास परत करता येते. पूर्वी ही मुदत सामान्यतः पंधरा दिवसांची होती. सामूहिक विम्यात आपल्या प्रमाणपत्रावर ही मुदत कशी दिली आहे ते पाहावे आणि त्याच आठवड्यात पत्र द्यावे. या काळात थोड्या कपातीने बहुतेक सगळी रक्कम परत येते. तिथे भांडण नाही, कोर्ट नाही.

आजाराच्या बाबतीत विमा कायद्याचे ४५ वे कलम आहे. पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर, आजार लपवला या वा अन्य कारणाने ती रद्द म्हणता येत नाही. पण त्या तीन वर्षांत खोटा भरलेला एक रकाना आमच्या घरच्यांना रस्त्यावर आणू शकतो. म्हणून अर्जाची प्रत मागून तो रकाना आजच तपासा.

पैसे कसे मागावेत?

माझे पैसे कसे आले ते सांगितले म्हणजे रीत आपोआप समजेल.

पहिले काम कागद जमवण्याचे. मंजुरीपत्र, के.एफ.एस., खातेउतारा, विम्याचे प्रमाणपत्र आणि विम्याच्या अर्जाची प्रत. यातील शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच आपल्याजवळ नसतो. तो विमा कंपनीकडून लेखी मागावा. मला तो आला तेव्हा दिसले की, माझा व्यवसाय "नोकरी" असा लिहिला आहे. माझ्या तक्रारीचा निम्मा पुरावा कंपनीनेच मला पाठवला होता.

दुसरे काम पत्राचे. एक पत्र कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला, दुसरे विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला. पत्र मराठीत चालते. शिवीगाळ नको, रडगाणे नको. चारच मुद्दे लिहा: काय विकले, काय सांगितले नाही, अर्जात काय खोटे आहे, आणि तुम्हाला काय हवे आहे. मागणी स्पष्ट असावी: प्रीमियम परत करा, त्यावर घेतलेले व्याज परत करा आणि हप्ता नव्याने बसवा. पोच घ्या किंवा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. विमा नियामकाच्या "बीमा भरोसा" या पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोनवरही तक्रार नोंदवता येते.

तिसरे काम सब्राचे. उत्तर येईल, "आपण मोबाईलवर नंबर सांगून संमती दिलेली आहे." मलाही हेच आले. ते वाचून पुष्कळ लोक कागद फाडून टाकतात. असे करू नका. नकार हा शेवट नाही, लोकपालाच्या दाराची ती किल्ली आहे.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले पटले नाही तर, विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईस आणि पुण्यास त्यांची कार्यालये आहेत. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात, सामूहिक विम्याच्या तक्रारीही घेतात. लोकपालाचा निर्णय विमा कंपनीवर बंधनकारक असतो. कर्ज देणाऱ्या संस्थेने सक्ती केली किंवा न विचारता पैसे कापले, अशी तक्रार असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करावी. त्यासाठी सी.एम.एस. पोर्टल आहे, चौकशीचा फोन १४४४८ आहे, तीही मोफत.

याउपर ग्राहक आयोग आहे. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी नाही. समोरचा म्हणेल, "हे व्यापारी कर्ज आहे, तुम्ही ग्राहकच नाही." पण जो स्वतःच्या मेहनतीने, केवळ पोटासाठी धंदा करतो त्याला २०१९ चा कायदा ग्राहकच मानतो. दोन साचे चालवणारा कारागीर हा काही उद्योगपती नव्हे. मात्र एक लक्षात ठेवा. एकच विषय आयोगात चालू असताना विमा लोकपालाकडे नेता येत नाही. मार्ग आधी ठरवा, मग पाऊल टाका.

माझे प्रकरण लोकपालाकडे गेले. सुनावणीची तारीख लागण्याआधीच विमा कंपनीचा फोन आला आणि पूर्ण २८,००० रुपये कर्जखात्यात जमा झाले. नऊ महिने त्यावर भरलेले व्याज, तीन हजारांच्या आसपास, कर्ज कंपनीने दिले नाही. मी कंटाळून सोडून दिले. आज वाटते, सोडायला नको होते. रकमेसाठी नव्हे, तर ते दिले असते म्हणजे त्यांच्या वहीत चूक त्यांच्या नावे लिहिली गेली असती.

ज्यांनी कर्ज मुदतीआधी फेडले आहे त्यांनीही आपले प्रमाणपत्र काढून पाहावे. कर्ज संपल्यावर उरलेल्या मुदतीचा विमा चालू ठेवणे किंवा तो सोडून काही रक्कम परत घेणे, अशी सोय बहुतेक ठिकाणी असते. पण मागितल्याशिवाय ती कोणी घरी आणून देत नाही.

दलालांपासून सावध

आता एक इशारा. जिथे परतफेड सुरू होते तिथे गिधाडेही येतात. ब्रिटनमध्ये दावा मिळवून देणाऱ्या कंपन्यांचे पीक आले. जे पत्र फुकट लिहिता येत होते त्यासाठी त्या परतीच्या रकमेतला चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, घेत. शेवटी २०१८ मध्ये कायद्याने त्यांची फी वीस टक्क्यांवर रोखावी लागली. आपल्याकडे तर याहून वाईट प्रकार चालतो. "तुमच्या विम्याचे पैसे मंजूर झाले आहेत, आधी एवढी फी भरा" असा फोन येतो, माणूस फी भरतो आणि फोन बंद होतो. लोकपाल किंवा नियामक कोणालाही फोन करून पैसे मागत नाहीत, एवढे घरच्या सर्वांना सांगून ठेवा.

आणि स्वतःही खरे राहा. ज्याने विमा समजून घेतला, आजार खरे लिहिले, आणि चार वर्षे निर्धास्त झोप घेतली, त्याने आता "मला काही सांगितलेच नव्हते" म्हणू नये. खोटी तक्रार ही खऱ्या तक्रारीची वैरी आहे.

लाज कोणाला वाटावी?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमचे लोक मागत का नाहीत?

माझ्या मते याचे कारण अडाणीपणा हे नाही. कारण लाज हे आहे. आमच्यात व्याजी कर्ज घेणे ही अभिमानाची बाब नाही. माणूस मजबुरीने घेतो आणि लपवून घेतो. भावाला सांगत नाही, मशिदीतल्या सोबत्याला सांगत नाही. व्याजाचा आणि विम्याचा शरई मसला उलेमांनी सांगावा, तो माझा अधिकार नाही. पण व्यापारी म्हणून एवढे नक्की सांगतो की, मजबुरीने कर्ज घेणे ही एक गोष्ट आणि त्या मजबुरीचा फायदा घेऊन कोणी न मागितलेला माल गळ्यात मारणे ही दुसरी गोष्ट. पहिलीची लाज वाटते म्हणून दुसरी मुकाट सोसायची, हा कुठला न्याय? उलट जो लपून कर्ज घेतो तो तक्रार करणार नाही, हे विकणाऱ्याला चांगले ठाऊक असते.

या लाजेची किंमत मी पाहिली आहे. आमच्या मोहल्ल्यातील एक साचेवाला २०२१ साली हृदयविकाराने गेला. कर्जाला विमा आहे, एवढे त्याच्या बायकोला ठाऊक होते. कागद काढले तेव्हा तो विमा फक्त अपघाती मृत्यूचा निघाला. ती इद्दतीत असताना वसुलीवाले येत होते. आधी दोन आणि मग उरलेले दोन असे चारही साचे विकून तिने हप्ते फेडले. नवरा हयात असताना तो कागद एकदा कोणाला दाखवला असता तर? पण दाखवायचा तर कर्ज घेतल्याचे सांगावे लागले असते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आमच्या प्रत्येक बाजारात व्यापारी मंडळ आहे, विणकरांच्या संघटना आहेत, तरुणांच्या वाचनालयांत बी.कॉम. झालेली मुले-मुली बसलेली असतात. जुम्याला साचे बंद असतात. महिन्यातून एका जुम्याला, नमाजनंतर दोन तास, एक टेबल मांडावे. ज्याला वाटेल त्याने आपले कर्जाचे कागद आणावेत, मुलांनी ते वाचून मराठीत वा उर्दूत समजावून सांगावेत, आणि गरज असल्यास पत्र लिहून द्यावे. नाव विचारायचे नाही, कर्ज का घेतले हे विचारायचे नाही, पैसे घ्यायचे नाहीत. खर्च काय? एक रीम कागद आणि चहा. ब्रिटनमधली मोठी लढाईसुद्धा मोफत सल्ला देणाऱ्या अशाच टेबलांवरून सुरू झाली होती.

सुरुवात घरापासून होते म्हणून सांगतो. येत्या पहिल्या जुम्याला माझ्या दुकानाच्या ओट्यावर टेबल असेल आणि माझा मुलगा तिथे बसेल. पहिली फाइल माझीच उघडून ठेवतो, म्हणजे दुसऱ्याला लाज वाटायला नको.